एकवीस दिवस

शेबॉयगनचा रस्ता सोडून आत वळले तेव्हा
डेटमनांचा मका माझ्याहून साडेतीन फूट उंच होता,
खालची पानं चहात बुडवलेल्या कागदासारखी.
व्हर्लिननं कणीस मोडून हातात दिलं, न बोलता.
मी दाण्यात नख रोवलं.
वर टणक, खाली चीक,
मधली पांढरी रेघ अर्ध्यावर उतरलेली.
'परवा,' मी म्हणाले.
'उद्या,' तो म्हणाला, 'शुक्रवारी पाऊस आहे.'
माझ्याकडे पशुआहाराची पदवी आहे.
त्याच्याकडे डावा गुडघा.

सकाळी सातला यंत्र शेतात शिरलं,
आठ ओळी एका घासात.
ताट, पान, कणीस, सगळ्याची नखाएवढी कुट्टी
हिरव्या कमानीनं शेजारच्या ट्रकमध्ये पडत राहते
आणि ट्रक यंत्राच्या पावलानं पाऊल टाकत चालतो,
वीतभर अंतर राखून.
एलेउतेरियो चालवतो तो एका हातानं,
दुसऱ्या हातात नाश्ता.

मी मूठभर कुट्टी आवळून तीसपर्यंत मोजते.
बोटांतून पाणी गळलं, तर घाई झाली.
मूठ उघडताच भुगा झाला, तर उशीर.
आज गोळा सावकाश उमलतोय,
झोपेतून उठल्यासारखा.
पासष्ट टक्के ओल.
प्रयोगशाळेचा आकडा सोमवारी येईल,
तोवर तळहात खरा.

सिमेंटच्या तीन भिंतींत ढीग चढतो.
त्याच्यावर कर्स्टिन, वय एकोणीस,
जुना ट्रॅक्टर पुढं नेते, मागं आणते,
पुढं, मागं,
एकाच जागी दिवसभरात चाळीस मैल.
हवा राहिली तर कुजेल,
हवा गेली तर मुरेल.
शास्त्र एवढंच, बाकी डिझेल.

मुरघास.
हा शब्द मी सांगलीत फक्त परीक्षेत लिहिला होता.
लोणचं मुरतं, माणूस धंद्यात मुरतो,
पाणी कुठं मुरतंय ते गावाला आधी कळतं.
इथं मी तो मोठ्यानं म्हणून दाखवला
तर व्हर्लिन दोनदा चुकला, तिसऱ्यांदा म्हणाला,
'मर्गस. माझ्या मावशीचं नाव असावं तसं.'

गोठ्यामागं जुना उंच सायलो आहे, रिकामा.
त्याच्या शिडीच्या खालच्या सात पायऱ्या
कुणीतरी करवतीनं कापल्यात.
जेवताना कर्स्टिनला विचारलं.
'आजोबांनी,' ती म्हणाली.
'रोलंडकाका चौथ्या दिवशी वर चढला होता,
वरचा थर सारखा करायला.
पिवळट धूर होता म्हणे. ब्लीचसारखा वास.'
मग सँडविचचा कागद घडी घालून खिशात ठेवला
आणि ट्रॅक्टर मागं घेतला.

आमच्याकडे हरिपूरला हळदीची पेवं होती.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडत.
कंदील विझला तर उतरायचं नाही.
वर बसलेले हमाल मग बोलत नसत,
विड्या काढत,
अंधाराला त्याचा वेळ देत.
हे कर्स्टिनला सांगायला हवं होतं.
इंग्रजीत पेव कसं उघडायचं
ते ठरेपर्यंत ती ढिगाच्या टोकाला पोचली होती.

संध्याकाळी प्लॅस्टिक ओढलं,
आत काळं, बाहेर पांढरं,
आणि वर टायर, टायराला टायर लावून.
शेजारचे आले, शाळेची बस चालवणारी लोर्ना आली,
गेल्या वर्षाचं पाणी प्रत्येकाच्या बाहीत शिरलं,
डासांसकट.
व्हर्लिननं खडूनं भिंतीवर तारीख लिहिली,
खाली तीन आठवड्यांनंतरची दुसरी.
'तोवर ह्या बाजूला कुणी यायचं नाही.'
सगळ्यांना माहीत होतं.
तरी सगळे, पहिल्यांदा ऐकल्यासारखे,
टोप्या हातात घेऊन उभे राहिले.

शुक्रवारी पाऊस आला नाही.
शनिवारी आला.
गुडघ्याबद्दल मी काही बोलले नाही.