एक काना

कोठीच्या दफ्तरात तिसऱ्या खिडकीपाशी बसते मी.
मोडी वाचते. पानाला तीस रुपये.
लोक येतात जमिनीसाठी, जातीच्या दाखल्यासाठी.
उमाकांत फुलारे आले कुलवृत्तांतासाठी.
पहिलं पान कोरं होतं त्यांचं: मूळ गाव, कुलदैवत.
मुखपृष्ठ मात्र छापून तयार,
जुईचा गजरा, मधोमध 'फुलारे'.

मागे मागे जात राहिलो.
संवत एकोणीसशे ऐंशी, शाळेचा दाखला: फुलारे.
त्याआधी घरपट्टी, दांडिया बाजार: फुलारी.
त्याआधी पागेचा हजेरीपट,
वाळवीनं जाळी केलेलं पान,
टाक न उचलता कुणी ओढलेली ओळ
'फुलर साहेब, खोगीरकाम,
दरमहा रुपये बत्तीस बाबाशाही.'

मी भिंग पुसलं. पुन्हा वाचलं.
फु, ल, र.
काना पुढच्या सालात आला.
नवा कारकून असेल, किंवा दुपारची पेंग.

उमाकांतराव म्हणाले, साहेब म्हणजे मानाचं असेल,
आपल्यात नाही का, तात्यासाहेब, भाऊसाहेब.
मी म्हटलं, असेल.

पण फत्तेगंजच्या चर्चची वही निघाली:
जोसाया फुलर, वय सव्वीस, खोगीर शिवणारा.
बापाचं नाव आहे. गावाच्या जागी शाई फुटलेली.
आणि आमच्या रुमालात, अकरा वर्षांनंतर,
'मयत फुलर याची बायको गोदू, पोरे दोन,
पोटगी रुपये पाच.
निशाणी बांगडीची.'
खाली कारकुनानं काढलेला एक गोल.

तो गोल बघत ते बसून राहिले. पंखा बंद होता.
मग म्हणाले, फुलर म्हणजे काय हो?

एक जाड कोश आहे कपाटात, पाठ उसवलेला.
फुलर: विणलेलं लोकरी कापड पाण्यात घालून
घट्ट होईस्तोवर पायांनी तुडवणारा.
उत्तरेला त्यालाच वॉकर म्हणत, नैर्ऋत्येला टकर.
काम एकच, आडनावं तीन, मधे चार नद्या.
आपल्याकडे 'कर' लावलं की गाव कळतं,
तिकडे कळतं, हातपाय दिवसभर काय करत होते.

'म्हणजे फुलं नाहीतच?'
नाहीत.
'आमच्यात फूल पायाखाली आलं तर उपास धरतात.
आजोबा धरायचे. मीही धरतो.'
मी काही बोलले नाही.
त्यांनी चष्मा घातला, काढला,
आणि अगदी हळू विचारलं,
हा काना खोडता येतो का?
म्हटलं, सरकारी कागद आहे.

दिवाळीनंतर टपालानं प्रत आली.
मुखपृष्ठावर जुईच.
मूळ गाव: शाई फुटली आहे.
कुलदैवताची ओळ तशीच सोडलेली.
एका पानाचे तीस रुपये राहिलेत त्यांच्याकडे,
मागितले नाहीत.
वंशवृक्षाच्या बुडाशी जोसाया,
त्याला लागून गोदू,
आणि तिच्यापुढे, छापलेली नव्हे,
बॉलपेननं हातानं काढलेली
एक बांगडी, जराशी वाकडी.