चौथा

देवळाच्या उजव्या भिंतीवर लाकडी फळी,
फळीवर चार माणसं, हातभर उंचीची.
तिघांच्या पायाशी नावं आहेत.
चौथ्याच्या पायाशी वाळवीने खाल्लेली ओळ,
तिच्यातला एक काना तेवढा शिल्लक.

माझा आजोबा इनास, कोलशेतचा,
दर शनिवारी रॉकेलचा बोळा घेऊन यायचा.
तिघांना भराभर पुसायचा,
चौथ्यापाशी रेंगाळायचा.
"ह्यो पाद्री नव्हता," म्हणायचा, "ह्याला भाषा येत."
नाव विचारलं की, "मना ठाव नाय."

मग सांगायचा, कधी असं, कधी तसं:
खाडीला गलबतं लागायची तेव्हाची गोष्ट.
किल्ला नव्हता, तुरुंग नव्हता, हे देऊळही नव्हतं.
चौघं उतरले. तिघं देवाबद्दल बोलत.
हा मासळीचा भाव करी,
परसाकडला कुठे जायचं ते विचारी,
त्यांच्या तापासाठी पाला मागून आणी.
पुढे दरबारात प्रश्न झाले.
तिघांनी उत्तरं दिली, ह्याने पोचवली.
ज्या वाक्यांपायी चौघं मेले
त्यांतलं एकही ह्याचं नव्हतं.

मी ठाण्याच्या सत्र न्यायालयात दुभाषी आहे,
एकोणीस वर्षं, दुसरा मजला, आवाज करणारा पंखा.
काल साक्षीला बारकूबाई होती.
म्हणाली, "दिसला मला तो."
पाहिला नाही म्हणाली. दिसला.
म्हणजे ती भाकरी थापत होती,
मान वर केली आणि तो होता तिथे.
डोळ्यांनी कुणाला शोधलं नव्हतं.
मी जो इंग्रजी शब्द दिला
तो दोन्हींना चालतो.
टाइप झाला. आणि उलटतपासणीत
वकिलाने तिला तिथेच धरलं:
"म्हणजे तुम्ही पाळत ठेवून होता?"
तिला कळेना, आपण असं कधी म्हणालो.
उरलेली साक्ष आज ठेवली.

आज जेवणाच्या सुट्टीत
तलावाला वळसा घालून देवळात गेले.
डबा पिशवीतच.
चौथ्यासमोर उभी राहिले, एकाच धंद्यातली म्हणून.
विचारलं, ते तिघं म्हणाले असतील "आहे".
तुला "असेल" म्हणता आलं असतं.
एक "असेल", आणि चौघं संध्याकाळी गलबतावर.
कुणाला कळणार होतं?

तो गप्प. बरोबरच आहे.
दुभाष्याने स्वतःहून बोलायचं नसतं.

परतताना, चणेवाल्याने पुडी बांधेपर्यंत,
आजोबाने कधीच न सांगितलेलं काहीतरी सुचलं.
शिक्षा झाली तेव्हा ती आधी ह्यालाच कळली.
तिघं ह्याच्या तोंडाकडे बघत असणार,
जसे सगळेच बघतात,
अर्थ येण्याआधी, नुसत्या ओठांकडे.
एका श्वासाइतका वेळ
ती फक्त ह्याच्यापाशी होती.
आणि शिक्षा तर तिघांची. नोकराला कोण विचारतं?
दारही लोटलेलं असेल, कडी नसेल.
आता ह्याला वाक्य जुळवायचं होतं.
"तुम्हांला" म्हणायचं होतं.
"आपल्याला" म्हणाला.

हे मी रचलंय. शपथेवर सांगणार नाही.
त्याच्या भाषेत "आपल्याला" असा वेगळा शब्द
होता की नव्हता, तेही ठाऊक नाही.
इंग्रजीत तर नाहीच.
पुडीतले चणे तसेच राहिले.

अडीचला पुकारा झाला.
बारकूबाई पिंजऱ्यात चढली, पदर नीट केला,
आणि वकिलाकडे नाही, न्यायाधीशांकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी उठले. टंकलेखकाने मान वर केली.
"साहेब," मी म्हणाले, "कालच्या साक्षीत
एक शब्द माझा गेलाय. तिचा नव्हता."