पेव

हरिपूरच्या वाटेवर, चिंचांच्या मागं
आमचं एक पेव आहे, रिकामं.
पुरानंतर त्यात कुणी हळद भरली नाही.
तोंडावर फरशी, फरशीवर माती,
मातीवर आत्याचं मोडकं शिलाई मशीन.

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत
मी ती फरशी हातभर सरकवली
आणि आत तोंड घालून
ते एक वाक्य बोललो.
दुसरीकडं कुठं बोलणार?
घराची भिंत काकांशी सामाईक,
फोन बहिणीशी.

खालून आलं, "व्हय. माझंबी तसंच हुतं."

पळालो. एक चप्पल तिथंच राहिली.
ती आणायला जावंच लागलं,
महिनाही झाला नव्हता घेऊन.

त्याचं नाव ईरगोंडा. वय सतरा.
किती वर्षं सतरा, ते त्याला सांगता येईना.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं,
आधी कंदील सोडायचा,
विझला तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं,
हे त्याला बापानं शिकवलेलं.
मग उतरलास कशाला?

बराच वेळ नुसता वास आला.
जुन्या हळदीचा, ओल्या मातीचा, दोरखंडाचा.

"लगीन हुतं. माझंच.
अंगाला लावायची हळद काढाय मलाच धाडलं.
कंदील सोडला, इझला.
गाडीवरनं बानं इचारलं, जळतोय का रं?
म्या म्हनालो, जळतोय.
सवय हुती. कुनी कायबी इचारलं
की, बरं हाय, जळतोय, म्हनायची."

त्या रात्री मी जेवलो नाही.
आई म्हणाली, पोट बरं हाय न्हवं?
मी म्हणालो, बरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलचा टॉर्च आत धरला.
तो हसला, मातीचं ढेकूळ फुटावं तसं.
"ह्या उजेडाला इझायला येत न्हाई,
ह्यो काय सांगनार तुला?"

मग त्याला तन्वीरबद्दल सांगितलं.
मिरजेहून क्लासला येतो,
त्याच्या बोटांना कायम पॉलिशचा वास,
घरी भोपळे वाळत टाकलेले असतात, सतारीचे.
गणितात माझ्याहून कच्चा.
सायकल हातात धरून चालतो,
मी चालत असतो म्हणून.
"आमचा बी गाडी थांबवायचा," ईरगोंडा म्हणाला.
आणि पुढं काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

भाऊबीजेला पणती आणली.
तिला सुतळी बांधून हळूहळू सोडली,
पहिला हात, दुसरा हात,
चौथ्या हाताला ज्योत पिवळी झाली, मग निळी,
मग काहीच नाही.

"काय झालं?" त्यानं खालून विचारलं.
त्याला दिसत असणारच.
माझ्या जिभेवर ते तयार होतं,
रोजचं, गुळगुळीत.

"विझली," मी म्हणालो.

"बास," तो म्हणाला.
"एवढंच मला जमलं न्हाई बघ."

खांद्याला काहीतरी लागलं.
गार नव्हतं. बाकी भुतांचं माहीत नाही,
त्याचा हात उन्हात पसरलेल्या पोत्यासारखा होता.
नंतर हाका मारल्या, तर माझाच आवाज वर आला,
जरा जाडसर होऊन.
फरशी मी अर्धीच लावली.
हवा लागू दे म्हटलं.

सकाळी आई अंगणात.
माझा शाळेचा पांढरा शर्ट तिच्या हातात,
खांद्यावर पिवळा पंजा, पाचही बोटं.
साबण लावला तर लाल झाला.
तिनं बघितलं, पिळला, दोरीवर टाकला.
"हळद हाय. उन्हानं उडती," एवढंच बोलली.
मग बादली उचलता उचलता, पाठमोरीच,
"श्रेणिक, बरं हाईस न्हवं?"

दोरीवरून पाणी ठिबकत होतं.
चिंचेवर कावळ्यांची काहीतरी भांडणं.

"नाही," मी म्हणालो. "थांब जरा."

तिनं बादली खाली ठेवली.
हात पदराला पुसले,
पुसून झाले तरी पुसत राहिली,
आणि पायरीवर बसली,
शेजारी मला जागा ठेवून.