पाठ

पावणेसहाला खानापुरातून निघालेला टेम्पो
हलशीच्या वेशीत थांबला तेव्हा
कापलेल्या भाताच्या धसकटांवर
धुकं अजून लोळत होतं.
आम्ही सातजण. कानटोप्या. एक थर्मास,
आणि त्याचं झाकण कुणाकडे, यावरून बारीकसा वाद.

सातेरी गुरव आधीच येऊन थांबलेला.
खाकी स्वेटर, हातात बॅटरी, कानामागे बिडी.
"चपला हितंच सोडा," म्हणाला,
"आणि हळू बोला, दोघं उठायचेत अजून."

एका टोकाला नरसिंह, दुसऱ्या टोकाला वराह,
मधे तळपायांनी गुळगुळीत केलेला काळा मंडप.
हजार वर्षं म्हणे, कुणी म्हणतं जास्तच,
समोरासमोर.
पाठ फिरवायला जागाच ठेवलेली नाही.
दगड असा गार, की माझ्या टाचांना
आपलं वय कळलं.

मग गावाबाहेर, उसाच्या कडेकडेने,
ज्याचं नाव उरलं नाही त्या देवळाकडे.
शिखर खाली बसलेलं,
म्हातारा पायरीवर जरा टेकतो
आणि उठायचं राहूनच जातं, तसं.
गाभाऱ्यात उंबराची मुळं.
शाळुंकेत पिंड नाही, रात्रीचं दव आहे,
त्यात एक मुंगळा काठाकाठाने प्रदक्षिणा घालतोय.

सातेरी सुरू झाला.
चिक्कोडीमठ मास्तरांसाठी कानडीत,
आमच्यासाठी मराठीत,
बेंगळूरच्या पोरासाठी इंग्रजीत.
कानडीत खांब सोळा निघाले, मराठीत अठरा,
इंग्रजीत "मेनी, मेनी".

मी मोजणी खात्यात तेहतीस वर्षं काढली.
मोजले.
उभे चौदा. एक आडवा. एकाचा नुसता पाया.
सांगितलं तर हसला,
"तुमचं बरोबर असेल, साहेब.
मी पाठ केलो तेव्हाचे सांगतोय."

शिलालेखाशी त्यानं बॅटरी तिरकी धरली.
अक्षरं सावलीत उठून बसली.
मास्तरांनाही लागेनात, ही कानडी त्यांच्या आज्याच्या आज्याची.
सातेरी मात्र बोट फिरवत, न वाचता, म्हणत गेला,
देवाला दिलेल्या जमिनीच्या हद्दी:
उगवतीला ओढा, दक्षिणेला जांभूळ,
मावळतीला वारूळ.
वारूळ! माझ्या साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता.
"ओढा सरकला," सातेरी म्हणाला, "जांभूळ तर गेलंच.
वारूळ आहे. चला, दाखवतो."
होतं. कमरेएवढं, ओलं, कुणीतरी हळद वाहिलेलं.

परतताना विहिरीपाशी तो थांबला.
हे पाठातलं नव्हतं,
कारण पहिल्यांदाच अडखळला
आणि एकाच भाषेत बोलला.

"हितं धुण्याचा दगड होता. आमच्या आईचा.
त्याच्या आधी तिच्या सासूचा.
मला बी त्याच्यावरच बसवून घासलेत.
मी आठवीत असताना खात्याचे लोक आले, उलटा केले,
तर खाली बाई.
कानात कुंडलं, हातात आरसा,
आणि ओठ बघा असे, आत्ता काय तर बोलंल.
सगळा गाव येऊन बघितला.
जीपमध्ये घालून नेले.
कुठं ते मी विचारलो नाही, लहान होतो की."

त्या जागी सिमेंटचा कट्टा.
कडेला निळ्या साबणाची अर्धी वडी.

"आई त्याच्यावर एक कपडा धुतली नाही.
लांब ओढ्याला जायची, गुडघे धरून.
म्हणायची, तोंड तुम्ही बघा बाबांनो,
माझी ओळख पाठीशी होती."

बिडी कानामागून काढली, परत ठेवली.
बेंगळूरच्या पोरानं विचारलं, काय म्हणाला.
मास्तर सांगायला लागले, "बेन्नु…"
आणि हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीवर
पुरेसा पोचतो का, बघत राहिले.

ऊन विहिरीच्या काठावर आलं.
बादलीत कुणीतरी चादर भिजत घातली होती.