सायकल, हिरवी, जुनी, एक नग

टोकावड्याच्या ठाण्यात मुद्देमालाची किल्ली
सहा वर्षं माझ्या कमरेला.
खोलीत मोहाच्या दारूचे रिकामे कॅन,
एक कोयता, पाण्याची मोटर,
कुणाच्या तरी हळदीतला फाटका ताशा,
आणि भिंतीला टेकून
सोमा हिलमची सायकल.

पंचनामा माझ्याआधीच्या हवालदाराचा:
'सायकल, हिरवी, जुनी, एक नग, घंटी नाही.'
घंटी होती, सोमा म्हणतो.
इथे आली तेव्हा होती.

तांब्याची तार चोरीला गेली की गाडी
आधी कातकरवाडीवर जाते.
का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही,
पण ड्रायव्हरला सांगावं लागत नाही.
मीही गेलेय, मागच्या बाकावर बसून.
बॅटरीच्या उजेडात मोजलीत
झोपलेली पोरं, पालथी भांडी,
टोपलीत रात्रभर एकमेकांवर चढणारे खेकडे.
तिथली कुत्री आता आमच्यावर भुंकत नाहीत.
साहेब म्हणाले, ओळख झाली.
मला ते ओळखीसारखं वाटलं नाही.

सोमा सुटला. तार ठेकेदाराच्याच गोठ्यात निघाली.
पण निकालात सायकलीची ओळ नव्हती,
आणि ओळ नाही तर सायकल नाही.
दर वर्षी वीटभट्टीवरून परतला की तो यायचा,
टाचा विटेच्या रंगाच्या,
वर ये म्हटलं तरी पायरीखालीच उभा.
'मी आल्तो, लिव हरडबाय.'
मी लिहायची नाही.
चहा द्यायची. चहा लिहावा लागत नाही.

कधीमधी, साहेब मुरबाडला गेले की
मी तिच्या साखळीला खोबरेल लावलं.
तेही कुठे लिहिलेलं नाही.

यंदा कागद आला. कोर्टाचा, गोल शिक्क्याचा.
निरोप धाडला तर दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर.
रजिस्टर उघडलं, शाईचा पॅड पुढे सरकवला.
तो पॅडकडे बघत राहिला.
खिडकीतून घाटमाथ्यावर नानाचा अंगठा
स्वच्छ दिसत होता,
आख्ख्या मुलखात तेवढाच एक
ज्याला कुणी शाई लावली नाही.
'मागल्या येळी हितंच दिल्ता,' सोमा म्हणाला,
'पावती हाय म्हनले. कबुली निघाली.'

मी ओळ न् ओळ वाचून दाखवली.
मग तो म्हणाला म्हणून पुन्हा,
खालून वर.
तेव्हा कुठे अंगठा दिला
आणि केसांत पुसला.

दोन्ही चाकं बसलेली.
पंक्चरवाला बाजारात, नाक्यापलीकडे.
चल, म्हटलं, येते.
तो हँडल धरून, मी मागून कॅरियर धरून,
खाकीत, भर बाजारातून.
सुकटवाली शेजारणीला म्हणाली,
फार हळू नाही:
'धरला परत हिलमाला.'

मी बोलायला तोंड उघडलं,
पण सगळा बाजार माझ्या टोपीकडेच बघत होता.
सोमाने हँडलवर, घंटी होती त्या जागी,
सवयीने अंगठा ठेवला
आणि दाबला.
मग तोंडानेच म्हणाला,
'सरा बाजूला.'