डाव्या बाजूची चकमक

स्ट्रोहेकरच्या दुकानाला पाटी नाही.
गोदामाच्या दारावर हरणाचं एकच शिंग,
आत जवसाच्या तेलाचा वास,
आणि पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेचा ऑक्टोबर
फटीफटींतून येऊन बसलेला.

"काय मारायचंय?"
"हरीण. नाताळ उलटला की, बर्फात."
"आजवर कशानं?"
"भावाची रायफल. पाच गोळ्यांची."
तो हसला नाही. भिंतीवरून एकेक
ठासणीची बंदूक उतरवत गेला,
झोपलेलं मांजर उचलावं तशी,
दोन्ही हातांवर.

पहिली टोपीची. "पावसात दगा देत नाही,
नवशिक्यांना मी हीच देतो."
मग स्वतःच परत टांगली.
नाताळानंतरच्या त्या दिवसांत इथला कायदा
फक्त चकमकीला ओळखतो.

दुसरी चोपन्न कॅलिबरची, लोखंडी खिळ्यासारखी सरळ
आणि जड.
"आत्ता नाही, टेकडी चढताना कळेल."

तिसरी कुणीही घ्यावी अशी.
मेपलच्या दस्त्यावर उन्हाचे पट्टे,
पितळेत कोरलेलं एक चिमुकलं पान.
मी त्यावरून बोट फिरवलं
आणि लोर्नाच्या दातांच्या तारांचं बिल आठवलं.
तरी खांद्याला लावून बघितलीच.

"थांब," म्हातारा म्हणाला. "गाल कुठला टेकवलास?"

एक्केचाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं.
बाप म्हणायचा, जग उजव्या हाताचं आहे, पोरी.
चमचा बदलला, कात्री बदलली,
बंदूकही उजव्या खांद्यावर नेऊन ठेवली.
काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला
मी उजव्या हाताने बाटल्या तपासते,
चांगल्या तपासते.
डोळा मात्र डावाच ऐकतो अजून.

"हिची रंजक तुझ्या तोंडावर पेटेल," म्हणाला.
आत गेला. खूप वेळ खोके सरकवल्याचा आवाज.

आणली ती साधी, अक्रोडाची,
दस्त्यात एक गाठ, पन्नास कॅलिबर,
घोडा आणि चकमक डाव्या अंगाला.
एझ्रा क्लॉप नावाच्या कुणासाठी घडवलेली.
तो न्यायला आलाच नाही.
का, ते मी विचारलं नाही,
त्यानेही सांगितलं नाही.

गोदामामागे ओढ्याकाठी एक जुना ओंडका.
दारू मापाने. चिंधी थुंकीने ओली.
शिशाची गोळी नळीच्या तोंडावर अंगठ्याने दाबून
मग गज, खाली, खाली,
जिथे थांबतो तिथपर्यंत.
कानात चिमूटभर रंजक.
चाप ओढला:
नुसती झप्प. गालाजवळ उजेड,
आणि बंदूक आत मुकी.
"कान तुंबलाय," म्हणून त्याने सुई दिली,
पिसाने पुसायला शिकवलं.

दुसऱ्यांदा झप्प झाली
आणि धडाम व्हायच्या आधी
मध्ये एक फट राहिली,
पापणीएवढी. बस्स तेवढीच.
त्या फटीत माणूस हलतो, म्हातारा म्हणाला,
सगळेच हलतात.
मी हलले होते.

पांढरा धूर ओढ्यावर लोळत बसला.
"लागली का?"
"धूर जाऊ दे."
नव्हती लागली. ओंडक्याच्या वीतभर डावीकडे
चिखलात एक भोक.

किंमत तीन हप्त्यांत, वर एक गाडीभर जळण,
चिरलेलं, ओकचं.
पिशवीत त्याने गारेचे सहा तुकडे टाकले,
त्यांचा हिशेब केला नाही.

रात्री स्वयंपाकघरात नळी कढत पाण्याने धुतली.
सिंकमध्ये काळं पाणी, नासक्या अंड्याचा वास.
लोर्नाने नाक धरलं आणि तिथेच उभी राहिली.
डेलमरचा फोन आला.
"एकच गोळी? आणि हुकली तर?"
"तर परत ठासायची."
"तोवर हरीण काय उभं राहणार आहे?"
"नाही राहणार," मी म्हटलं,
फोन मानेत धरून
गजाला कोरडी चिंधी गुंडाळत.