लिफ्टचा कागद

समुपदेशक बाईंनी फॉर्म उलटा ठेवला.
"शिष्यवृत्ती तुला नाही, कर्ज नाही.
बाकी बरंच आहे," म्हणाल्या,
आणि ते बरंच एका पिवळ्या चिठ्ठीवर मावलं:
नळकाम, वीजकाम, रक्त काढणं, लिफ्ट.

मी लिफ्ट म्हटलं.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
तेगुसिगाल्पात आमची वस्ती डोंगरावर,
तीनशे बारा पायऱ्या,
सिलिंडर आईच्या खांद्यावर. असेल त्यामुळे.

प्रशिक्षण चार वर्षांचं,
माझं कार्ड अठरा महिन्यांचं.
म्हाताऱ्या व्हान्सुराला हे गणित घातलं
तर म्हणाला, "आधी ग्रीस दे, एदिल."

ओमाहाच्या थंडीतही
दोर तपासताना हातमोजा काढावाच लागतो.
तुटकी तार बोटालाच कळते.

मंगळवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो,
पहिल्यांदाच. मागच्या दाराने, हत्यारांची पेटी घेऊन.
माझ्याच वयाची पोरं
'दुरुस्ती चालू' वाचून चरफडत जिन्याकडे वळली.
मी खड्ड्यात, त्यांच्या बुटांच्या खाली.

काम उरकल्यावर आत, बटणांच्या वर,
काचेमागे दिसला परवाना:
वैध अमुक तारखेपर्यंत. पुढे पुन्हा तपासणी.
"सगळ्याच लिफ्टना असतो?"
"सगळ्याच. दरसाल नवा.
ही चाळीस वर्षं चालतेय."

हसू आलं. मग गेलं.
लिफ्टला कुणी विचारत नाही, मूळची कुठली.

व्हान्सुरा बाहेर थांबला, घड्याळ धरून.
चाचणीला कुणाचं तरी वजन लागतं.
मी आत शिरलो, चौथा दाबला.